परदेशांत दिलेली लेक आणि तेथील कायदा

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटण्याच्या सुमारास आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगी आमच्याच हाताखालीं शिकली, पुढें पदवीधर झाली. चांगल्या कमावत्या मुलाशीं तिचें लग्न झालें व ती त्याच्याबरोबर अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत राहावयास गेली. तिच्या लग्नाचे पेढेहि आम्हीं खाल्ले होते. त्या दिवशीं त्या गृहस्थांनीं खिशांतून फोन काढला व मुलीचा संदेश आमच्यापुढें धरला. नवरा मारतो, पासपोर्ट त्यानें कपाटांत कुलूप लावून ठेवला आहे, हातीं पैसा देत नाहीं, आणि कांहीं बोललें कीं म्हणतो, "माझ्या नोकरीच्या जिवावर तूं या देशांत आहेस. घराबाहेर पाऊल टाकलेंस तर पोलीस तुला त्याच दिवशीं विमानांत बसवतील. मूल मात्र येथेंच राहील." वडिलांनीं विचारलें, "सर, हें खरें आहे काय?"

आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक नसतां आम्हीं जें उत्तर दिलें, त्याची आम्हांस आजहि लाज वाटते. आम्ही म्हणालों, "परका मुलूख आहे, थोडें सबुरीनें घ्यावें." ते मान हालवून निघून गेले. त्यानंतर आम्हीं हा विषय जाणत्या माणसांकडून नीट समजावून घेतला. त्या दिवशीं जें सांगावयास हवें होतें तें आज या अंकांत सांगत आहों. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या मुली, बहिणी व भाच्या परदेशांत दिलेल्या आहेत, आणि जे आज विद्यार्थी आहेत त्यांच्यापैकींहि कांहीं उद्यां तिकडे जातील. तेव्हां हा विषय शाळेच्या अंकांत कशाला, असें कोणीं म्हणूं नये.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, अशा नवऱ्याचें खरें शस्त्र त्याचा हात नसून त्याच्या हातांतील कागद हें आहे. मारणारा नवरा कोणत्याहि देशांत आढळतो. परंतु परदेशांत गेलेल्या पत्नीचा तेथें राहण्याचा हक्क पुष्कळ वेळां नवऱ्याच्या अर्जावर, नवऱ्याच्या नोकरीवर किंवा नवऱ्याच्या सहीवर अवलंबून असतो. 'सही करणार नाहीं' एवढे तीन शब्द उच्चारले कीं तिचें तोंड आपोआप बंद होतें. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. म्हणून या बाबतींत अमेरिकेंत जे जे कायदे झाले, त्या सर्वांचा मथितार्थ एकच आहे: तो कागद नवऱ्याच्या हातून काढून पत्नीच्या हातीं द्यावा.

हा कागद नवऱ्याच्या हातीं गेला कसा, हेंहि पाहण्यासारखें आहे. पत्नीला स्वतंत्र अस्तित्व नाहीं, नवरा ज्या देशाचा त्या देशाची ती, अशी पाश्चात्त्य कायद्याची जुनी समजूत होती. इतकेंच नव्हे, तर १९०७ सालच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें परदेशी पुरुषाशीं लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपलें नागरिकत्व गमावून बसे. १९२२ सालीं केबल कायदा झाला, तेव्हां कोठें ही गांठ सैल होऊं लागली. आपल्याकडेहि निराळें नव्हतें. १८८७ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें रखमाबाईंस, नवऱ्याच्या घरीं नांदावयास जा नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम दिला होता. त्या बाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली व पुढें विलायतेंत जाऊन त्या डॉक्टर झाल्या. नवऱ्याच्या दाराशीं पत्नीला कायद्यानेंच बांधून ठेवण्याची ही रीत जुनी आहे. ती मोडण्यास दोन्ही देशांत पुष्कळ काळ लागला.

अमेरिकेंत १९८६ सालीं एक नवा कायदा झाला. केवळ त्या देशांत राहावयास मिळावें म्हणून खोटीं लग्नें लावलीं जातात, तीं थांबवावीं हा त्याचा हेतु. त्या कायद्यानें असें ठरलें कीं, लग्नास दोन वर्षें पूर्ण होण्यापूर्वीं ज्या पत्नीस कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला लोक ग्रीन कार्ड म्हणतात तें, मिळेल, तिला तें प्रथम दोन वर्षांपुरतें सशर्त मिळावें. मुदत संपतांना नवराबायकोंनीं दोघांनीं मिळून अर्ज करावा, म्हणजे शर्त काढली जाईल. हेतु वाईट नव्हता. परंतु दोघांची सही लागते म्हटल्यावर दुष्ट नवऱ्याच्या हातीं आयतेंच कोलीत मिळालें. पत्नीनें मार खाऊन दोन वर्षें काढावीं, नाहीं तर देश सोडावा, अशी तिची अवस्था झाली. ही चूक ध्यानांत येतांच १९९० सालीं दुरुस्ती झाली. लग्न खरें होतें व आपला छळ झाला, असें पत्नी दाखवूं शकेल तर तिनें एकटीनें अर्ज करावा. नवऱ्याच्या सहीची गरज नाहीं. आय-७५१ नांवाचा हा अर्ज आजहि चालू आहे.

परंतु ज्या पत्नीसाठीं नवऱ्यानें ग्रीन कार्डाचा अर्ज मुळींच केला नाहीं, किंवा करून मागें घेतला, तिचें काय? तिच्यासाठीं १९९४ सालचा कायदा झाला. अध्यक्ष क्लिंटन यांनीं त्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत त्यावर सही केली. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'वावा' म्हणतात. नवरा अमेरिकन नागरिक असेल किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर छळ सोसलेली पत्नी स्वतःच स्वतःसाठीं अर्ज करूं शकते. या अर्जास आय-३६० म्हणतात. तिनें पुढील गोष्टी दाखवाव्या लागतात: लग्न खऱ्या हेतूनें केलें होतें, ती नवऱ्याबरोबर राहिली होती, त्यानें तिला मारहाण केली किंवा अत्यंत क्रूरपणें वागविलें, आणि तिची स्वतःची चालचलणूक चांगली आहे. तिच्या एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांचा समावेश तिच्या अर्जांतच होतो. घटस्फोट झाला असला तरी, तो छळाशीं संबंधित असेल तर, पुढें दोन वर्षांच्या आंत अर्ज करतां येतो.

येथें 'क्रूरपणा' या शब्दाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. अंगावर वळ उठले तरच छळ, असें हा कायदा मानीत नाहीं. कोंडून ठेवणें, कोणाशीं बोलूं न देणें, पासपोर्ट लपविणें, पै-पैशास महाग करणें, मूल हिरावून घेण्याची किंवा हद्दपार करविण्याची एकसारखी धमकी देणें, या गोष्टीहि विचारांत घेतल्या जातात. पुरावाहि अमुकच हवा असें नाहीं. विश्वसनीय असेल तो कोणताहि पुरावा पाहिला जातो. पोलिसांची नोंद, डॉक्टरांचा दाखला, दुखापतीचीं छायाचित्रें, नवऱ्याचे धमकीचे संदेश, शेजाऱ्याचें किंवा मैत्रिणीचें लेखी निवेदन, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पत्नीनें प्रतिज्ञेवर लिहिलेली स्वतःची हकीकत, हें सर्व उपयोगी पडतें. लग्नाचे फोटो, भाडेपट्टा व दोघांच्या नांवाचें बँकेचें खातें यांवरून लग्न खरें होतें हें दिसतें.

कायद्याच्या नांवांत 'स्त्रिया' हा शब्द असला तरी छळ सोसणाऱ्या पुरुषासहि याचा लाभ मिळतो. आणखी एक गोष्ट आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक असावी. २००६ च्या जानेवारींत मंजूर झालेल्या दुरुस्तीनें आईबापांचाहि यांत समावेश झाला. नातवंडें सांभाळावयास म्हणून गेलेल्या म्हाताऱ्या आईचा किंवा बापाचा, एकवीस वर्षांवरील अमेरिकन नागरिक असलेला मुलगा वा मुलगी छळ करीत असेल, तर तेहि असा अर्ज करूं शकतात.

आतां आमच्या विद्यार्थिनीकडे वळूं. तिचा नवरा नागरिक नव्हता व ग्रीन कार्डधारकहि नव्हता. तो एच-१बी नांवाच्या नोकरीच्या व्हिसावर गेलेला, आणि ती त्याची आश्रित म्हणून एच-४ व्हिसावर. पुण्यामुंबईकडून संगणकाच्या कामासाठीं जाणाऱ्या तरुणांपैकीं पुष्कळांच्या बायका याच व्हिसावर जातात. १९९४ च्या कायद्याचा स्वतःचा अर्ज अशा पत्नीस करतां येत नाहीं, ही कायद्यांतील मोठी उणीव आहे आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. सुशिक्षित असूनहि अशा स्त्रीस सामान्यतः नोकरी करतां येत नाहीं. नवऱ्याचें ग्रीन कार्डाचें प्रकरण विशिष्ट पायरीवर पोहोंचलें असेल तरच २०१५ पासून तशी परवानगी मिळूं लागली. घटस्फोटाचा हुकूम झाला कीं तिचा व्हिसाचा दर्जाहि संपतो.

तरीपण ती अगदींच निराधार नाहीं. पहिली गोष्ट अशी कीं, केवळ वेगळें राहावयास गेल्यानें तिचा दर्जा संपत नाहीं. लग्न कायद्यानें टिकून आहे व नवऱ्याचा व्हिसा चालू आहे तोंवर तिचाहि चालू राहतो. तेव्हां 'घराबाहेर पाऊल टाकलेंस तर त्याच दिवशीं विमानांत' ही नवऱ्याची धमकी खोटी होती. म्हणूनच घटस्फोटाचा हुकूम होण्यापूर्वीं वकिलास भेटून पुढची सोय, उदाहरणार्थ विद्यार्थ्याच्या व्हिसाची, पाहावी लागते. दुसरी गोष्ट, छळ झालेल्या एच-४ पत्नीस स्वतंत्रपणें काम करण्याचा परवाना मागतां येतो. २००६ च्या दुरुस्तीनेंच ही तरतूद झाली. त्यानें देशांत राहण्याचा हक्क मिळत नाहीं, परंतु चार पैसे स्वतः मिळवितां येतात.

तिसरी व मोठी गोष्ट म्हणजे यू व्हिसा. २००० सालच्या कायद्यानें हा निर्माण झाला. कांहीं ठराविक गुन्हे, ज्यांत कौटुंबिक मारहाणहि येते, ज्या परदेशी व्यक्तीविरुद्ध त्या देशांत घडले, त्यामुळें जिला शारीरिक वा मानसिक जबर इजा झाली, आणि जिनें गुन्ह्याच्या तपासांत पोलिसांस किंवा सरकारी वकिलास मदत केली, तिला हा व्हिसा मिळूं शकतो. येथें नवऱ्याचा व्हिसा कोणता याचा प्रश्न येत नाहीं. लग्न झालेलें असण्याचीहि जरूर नाहीं. पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश अशा अधिकाऱ्याचा दाखला मात्र अर्जास जोडावा लागतो. हा व्हिसा साधारणतः चार वर्षांचा असतो, व तो मिळाल्यावर तीन वर्षें सलग त्या देशांत राहिल्यास ग्रीन कार्डासाठीं अर्ज करतां येतो. परंतु मुख्य अर्जदारांस वर्षाला असे दहा हजारच व्हिसे द्यावे असा निर्बंध आहे आणि मागणारे कितीतरी अधिक. त्यामुळें निकालास वर्षानुवर्षें लागतात. विहीर आहे, पाणीहि आहे, परंतु रांग मोठी आहे.

या सर्व अर्जांपेक्षां तांतडीची गोष्ट निराळीच असते, ती म्हणजे आजची रात्र. घरांत मार बसत असेल तर ९११ या क्रमांकावर फोन करावा, पोलीस येतात. त्यानंतर दिवाणी न्यायालयाकडून संरक्षणाचा हुकूम मागतां येतो, आणि तो मागणाऱ्या स्त्रीचा व्हिसा चालू असलाच पाहिजे अशी अट नाहीं. न्यू जर्सींत प्रथम तात्पुरता हुकूम मिळतो व सामान्यतः दहा दिवसांच्या आंत पुढील सुनावणी होते. घर कोणाच्याहि नांवावर असो, न्यायाधीश नवऱ्यास घराबाहेर राहण्यास सांगूं शकतात, मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देऊं शकतात, व खर्चाची रक्कम ठरवूं शकतात. हुकूम मोडणें हा गुन्हा होतो. 'मूल येथेंच राहील' असें म्हणून मुलाचा निवाडा करण्याचा अधिकार नवऱ्यास नाहीं. तो न्यायाधीशाचा आहे. मात्र त्याच कारणानें आईनेंहि वकिलाचा सल्ला घेतल्यावांचून मुलास घेऊन देश सोडूं नये. मुलास परदेशीं नेऊन दुसऱ्या पालकाचा हक्क डावलणें हा तेथें १९९३ च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि घाईनें टाकलेलें पाऊल पुढें आईच्याच अंगावर येऊं शकतें.

पुष्कळ स्त्रियांना भीति वाटते कीं, आपण अर्ज केला तर सरकार नवऱ्यास कळवील. यासाठींहि तरतूद आहे. अशा अर्जासंबंधीं कोणतीहि माहिती छळ करणाऱ्यास देण्यास अधिकाऱ्यांस १९९६ पासून मनाई आहे. तसेंच केवळ नवऱ्यानें येऊन कागाळी केली म्हणून, तेवढ्याच आधारावर, तिच्याविरुद्ध निर्णय करतां येत नाहीं. पत्रव्यवहारासाठीं मैत्रिणीचा किंवा वकिलाचा पत्ता देतां येतो.

परंतु कायदा पुस्तकांत असणें निराळें आणि हातीं येणें निराळें. राज्यकर्ते बदलतात तसे त्या देशांतील अंमलबजावणीचे नियमहि बदलतात, आणि अर्ज नामंजूर झाल्यास हद्दपारीचें काम सुरू होण्याचाहि संभव असतो. म्हणून या लेखावर किंवा कोणा ओळखीच्याच्या सांगण्यावर विसंबून अर्ज भरूं नये. या विषयांत मुरलेल्या वकिलासच विचारावें. पैसा नसला तरी मार्ग आहे. गरजूंना फुकट सल्ला देणाऱ्या संस्था बहुतेक मोठ्या शहरांतून आहेत. आपल्या भागांतील स्त्रियांच्या अडचणी जाणणाऱ्याहि संस्था आहेत: न्यू जर्सींत १९८५ सालीं स्थापन झालेली 'मानवी', न्यूयॉर्कमध्यें १९८९ ची 'सखी', आणि कॅलिफोर्नियांत १९९१ ची 'मैत्री'. याशिवाय १९९६ पासून चालू असलेला राष्ट्रीय मदतीचा दूरध्वनि आहे. त्याचा क्रमांक १-८००-७९९-७२३३. तेथें रात्रंदिवस कोणीतरी ऐकावयास असतें, आणि दुभाष्याचीहि सोय होते.

कांहीं नवरे आणखी एक युक्ति करतात. सुटीसाठीं म्हणून पत्नीला माहेरीं आणतात, पासपोर्ट घेऊन एकटेच परत जातात, आणि मागाहून तिकडच्या न्यायालयाचा घटस्फोटाचा कागद पाठवितात. अशा वेळीं घाबरून जाऊं नये. पत्नीनें त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला नसेल, तिला बाजू मांडण्याची खरी संधि मिळाली नसेल, किंवा आपल्या विवाहाच्या कायद्यांत नसलेल्या कारणावर घटस्फोट दिला असेल, तर असा निकाल येथें बंधनकारक नाहीं, असें आपल्या सुप्रीम कोर्टानें १९९१ सालीं ठरविलें आहे. छळाला कंटाळून पत्नी जेथें आश्रयास आली असेल, तेथेंहि परिस्थितीप्रमाणें फिर्याद देतां येते, असें त्याच कोर्टानें २०१९ सालीं सांगितलें. परदेशस्थ नवऱ्यांच्या प्रकरणांसाठीं राष्ट्रीय महिला आयोगांत २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल व छळ त्या देशांत झाला असेल, तर १९९४ च्या कायद्याचा अर्ज येथूनहि करतां येतो.

आतां आईबापांस थोडें सांगूं. सोयरीक जुळवितांना मुलाचा पगार व घर आपण विचारतों. त्याबरोबर तो कोणत्या व्हिसावर आहे आणि आपल्या मुलीस कोणता मिळणार, हेंहि विचारावें. यांत संकोच कसला? लग्नाची नोंदणी येथेंच करून घ्यावी. मुलीचा पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला व पदवीचीं प्रमाणपत्रें यांच्या नकला एक प्रत तिच्याजवळ व एक आपल्याजवळ अशा ठेवाव्या. तिच्या स्वतःच्या नांवाचें बँकेचें खातें असावें. जाण्यापूर्वीं तिला ९११ हा क्रमांक आणि जवळच्या भारतीय वकिलातीचा पत्ता पाठ असावा. आणि या सर्वांहून मोठी गोष्ट ही कीं, 'कांहीं झालें तरी हें दार तुला उघडें आहे' हें वाक्य तिला निघतांना आपल्या तोंडून स्पष्ट ऐकूं यावें. पदरीं पडलें आणि पवित्र झालें, ही म्हण धान्याच्या बाबतींत ठीक असेल. मुलीच्या आयुष्याला ती लावूं नये.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांतील मुलांनाहि या लेखांत एक धडा आहे. ज्याच्या हातीं दुसऱ्याचा कागद आहे, त्याच्या शीलाची परीक्षा तेथेंच होते. पुढें तुमच्या सहीवर कोणा माणसाचें राहणें, खाणें किंवा जाणें-येणें अवलंबून राहील; ती सही धमकीसाठीं वापरूं नका.

ते गृहस्थ दिवाळीनंतर पुन्हां आले होते. आमच्या सबुरीच्या सल्ल्याची वाट न पाहतां मुलीनें एका रात्रीं स्वतःच पोलिसांस बोलाविलें होतें. तिला न्यायालयाचा हुकूम मिळाला, पासपोर्ट परत मिळाला, आणि एका वकीलबाईंच्या मदतीनें तिनें यू व्हिसाचा अर्ज केला. त्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं, व कधीं लागेल हें सांगतां येत नाहीं. ती व तिचें मूल दोन खोल्यांच्या घरांत राहतात. "रात्रीं झोप लागते म्हणते," एवढेंच वडील म्हणाले. आम्हीं त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं ती लगेच दिली, आणि म्हणाले, "सर, तुम्हांला ठाऊक नव्हतें. पण आतां ठाऊक झालें आहे, तर चार जणांस सांगा."

म्हणून हा लेख.